भिजलं तर वाळतं

(पावसाळ्यापूर्वी खांदा कॉलनीत झालेल्या स्वयंसेवक आणि हितचिंतकांच्या सभेत एका कार्यकर्त्या भगिनीने केलेलं भाषण)



एखादा शास्त्रभाग उलगडून सांगायचा असता तर मी आज जास्त निर्धास्त उभी राहिले असते. पण पाळकसाहेबांनी मला विषय दिला तो रस्त्याचा. गाडी वाटेत बंद पडली, चाक बसलं, समोर अपघात दिसला, तर आपण काय करायचं? हा विषय उपासनेच्या हॉलमध्ये कशाला, असं कोणाला वाटेल. पण आपली जीप आठवड्यातून तीन-चार वेळा वाड्यांवर जाते. तुमच्यापैकी कितीतरी जण औषधं, धान्य, वह्या-पुस्तकं पोहोचवायला स्वतःच्या गाड्या देता. परतताना त्याच गाडीत कधी आजारी माणूस असतो, कधी वसतिगृहात सोडायची मुलं असतात. ती माणसं आपल्या भरवशावर गाडीत बसतात.

आणि खांदा कॉलनीत राहणाऱ्यांना रस्ता काय असतो हे मी सांगायला नको. सायन-पनवेल महामार्ग आपल्या दाराशी आहे. कळंबोलीहून पुण्याचा द्रुतगती मार्ग सुरू होतो. पळस्प्याहून गोव्याचा रस्ता फुटतो. कोणत्याही कातकरी किंवा ठाकर वाडीवर जायचं म्हटलं तरी यातला एखादा रस्ता धरावाच लागतो.

आधी माझीच एक चूक सांगते.

काही वर्षांपूर्वीची जुलैमधली संध्याकाळ. कर्नाळ्याकडच्या एका वाडीवरून आम्ही एका बाळंतिणीला आणि तिच्या तापाने फणफणलेल्या बाळाला पनवेलला दवाखान्यात आणत होतो. बरोबर तिचा नवरा, तिची सासू, आणि पनवेलला लेकीकडे निघालेले वाडीतले एक कातकरी आजोबा. पाऊस असा की वायपर चालू असूनही समोरचं दिसत नव्हतं. मागचं चाक बसलं. आमच्या चालकाने जीप साइडपट्टीवर घेतली, पण पूर्ण बाहेर घेता आली नाही, कारण कडेला चिखल होता आणि पलीकडे गटार.

मी काय केलं? मी सगळ्यांना सांगितलं, "कोणी उतरू नका, बाळ भिजेल." चालक जॅक लावायला उतरला. नवरा छत्री घेऊन मागे उभा राहिला, चालकाला मोबाइलचा उजेड दाखवायला. तो नेमका मागच्या लाल दिव्यासमोरच उभा होता, हे माझ्या लक्षातही आलं नाही. मी आत बसून प्रार्थना करत होते. प्रार्थना खरी होती, पण डोळे मिटलेले होते.

आजोबा मात्र उतरले. त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि मागचं दार उघडून म्हणाले, "ताई, माणसं खाली काढ. भिजलं तर वाळतं."

मी वाद घातला. त्यांनी ऐकलं नाही. आधी बाळ घेतलं, आपल्या डोक्यावरचा प्लास्टिकचा कागद त्याच्यावर टाकला, आणि गटार ओलांडून सगळ्यांना उंचवट्यावर नेलं. चालकालाही हाक मारून बोलावलं. आम्ही कुडकुडत उभे होतो आणि मला मनातून त्यांचा राग येत होता. पाच मिनिटंही झाली नसतील, मागून आलेला एक टेम्पो जीपच्या मागच्या कोपऱ्याला धडकला. जीप जॅकवरून घसरली आणि चार हात पुढे गेली. मागच्या ज्या बाकावर बाळंतीण बसली होती तो बाक आत दबला होता. टेम्पोचा चालक बचावला. आमच्यातल्या कोणालाही ओरखडाही आला नाही.

बाळाचा ताप दोन दिवसांत उतरला. माझ्या मनातली ती संध्याकाळ अजून उतरलेली नाही.

हे एकट्या माझ्या नशिबाचं नाही. तुमच्यापैकी पुष्कळांना ५ जून २०१६ची पहाट आठवत असेल. द्रुतगती मार्गावर शेडुंगजवळ, म्हणजे आपल्याच पनवेल तालुक्यात, एक गाडी चाक पंक्चर झालं म्हणून कडेला उभी होती. तिच्या मदतीला दुसरी गाडी थांबली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. साताऱ्याकडून मुंबईला येणारी खासगी बस मागून त्या दोन्ही गाड्यांवर आदळली आणि रस्त्याखाली गेली. १७ माणसं गेली. मी त्या रस्त्याने जाते तेव्हा एकच विचार मनात येतो. पंक्चरने कोणी मरत नाही. पंक्चर झाल्यावर आपण कुठे उभे राहतो, त्यावर सारं असतं. आणि मदतीला थांबणाऱ्यालाही हे माहीत नसेल, तर त्याच्या चांगुलपणाची किंमत त्याच्या घरच्यांना मोजावी लागते.

म्हणून आज एकच गोष्ट लक्षात ठेवून जा: आधी माणसं, मग गाडी. बाकी जे सांगणार आहे ते याच वाक्याचं स्पष्टीकरण आहे.

गाडीत बिघाड जाणवला की लगेच जोरात ब्रेक मारू नका. चाक फुटलं तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, पाय ॲक्सिलरेटरवरून काढा आणि वेग आपोआप उतरू द्या. मग डावीकडे या. वळणावर, चढ संपतो तिथे किंवा पुलावर थांबू नका, कारण मागच्याला तुम्ही शेवटच्या क्षणी दिसता. पुढे पेट्रोल पंप, ढाबा किंवा रुंद जागा दिसत असेल तर बसलेल्या चाकावर हळूहळू तिथपर्यंत जा. रिम खराब होईल. होऊ द्या, रिम बाजारात मिळते.

थांबल्यावर चारही इंडिकेटर एकदम लागतात ते बटण दाबा. अंधार असेल तर पार्किंगचे दिवेही चालू ठेवा. हँडब्रेक ओढा, पुढची चाकं कडेच्या बाजूला वळवा. मग सगळ्यांनी डाव्या दारानेच उतरायचं. उजवं दार वाहत्या रस्त्यावर उघडतं, आणि लहान मुलं उडी मारून पळतात. मुलांचे हात मोठ्यांनी धरायचे. कठडा असेल तर कठड्याच्या पलीकडे जायचं, नसेल तर आजोबांनी नेलं तसं गटारापलीकडे, उंचवट्यावर. गाडीच्या पुढे उभं राहू नका. मागून धडक बसली तर गाडी पुढेच फेकली जाते. गाडीपासून थोडं मागच्या बाजूला, रस्त्यापासून लांब उभे राहा. ऊन असो, पाऊस असो, म्हातारं माणूस असो. भिजलं तर वाळतं.

एकच अपवाद. गाडी भर रस्त्यात, मधल्या लेनमध्ये बंद पडली आणि दोन्ही बाजूंनी वाहनं सुसाट जात असतील, तर धावत रस्ता ओलांडण्याचं धाडस करू नका. पट्टे बांधलेले ठेवा, चारही दिवे चालू ठेवा आणि लगेच ११२ला फोन करा.

आता लाल त्रिकोणाबद्दल. नव्या गाडीबरोबर तो मिळतो आणि बहुतेकांच्या डिकीत प्लास्टिकच्या वेष्टनातच पडून असतो. तो गाडीला टेकवून ठेवला तर काही उपयोग नाही. हिशेब करून पाहा. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. त्रिकोण ५० मीटरवर असेल तर मागच्याला दोन सेकंदही मिळत नाहीत. साध्या रस्त्यावर निदान ५० मीटर, महामार्गावर १०० मीटर मागे ठेवा. १०० मीटर म्हणजे आपली साधारण १३० पावलं. चालताना कठड्याबाहेरून, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चाला, त्रिकोण छातीसमोर धरा. पण द्रुतगती मार्गावर बाहेरून चालायला जागाच नसेल तर त्रिकोणाचा हट्ट सोडा आणि कठड्यामागे थांबून फोन करा. त्रिकोणासाठी जीव द्यायचा नाही.

त्रिकोण नसेल तर आपल्याकडे झाडाची फांदी आणि दगड ठेवायची पद्धत आहे. फांदी चालेल. दगड ठेवलेच तर निघताना स्वतःच्या हाताने उचला. काम झाल्यावर तसेच सोडलेले दगड रात्री कोणाच्या तरी मोटरसायकलखाली येतात, आणि ती मोटरसायकल पुष्कळदा वाडीकडे परतणाऱ्या मजुराची असते.

चाक बदलायचं असेल तर सपाट, कडक जागी आणि रस्त्यापासून लांब असाल तरच बदला. पावसात साइडपट्टीच्या मातीत जॅक रुततो. म्हणून एक जाड फळी गाडीत ठेवा आणि जॅक तिच्यावर लावा. गाडी उचलण्याआधी तिरक्या बाजूच्या चाकाखाली दगड लावा आणि नट अर्धवट सैल करून घ्या. उचललेल्या गाडीखाली डोकं किंवा हात घालू नका. चाक उजवीकडचं असेल, म्हणजे काम करताना तुमची पाठ वाहत्या रस्त्याकडे होणार असेल, तर ते काम तिथे करूच नका. मदतीची गाडी येईपर्यंत थांबा.

घाटात इंजिन तापण्याचा प्रकार नेहमीचा. काटा वर चढला की एसी बंद करा, जागा पाहून थांबा, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. आतलं उकळतं पाणी तोंडावर उडतं. अर्धा तास तरी जाऊ द्या. बॉनेटमधून धूर येत असेल तर सगळ्यांना उतरवून लांब न्या. बॉनेट पूर्ण उघडलं की हवा लागून आग भडकते.

फोन कोणाला करायचा? ११२ हा सगळ्यांसाठीचा क्रमांक, रुग्णवाहिकेला १०८, आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३. घाबरलेला माणूस फोनवर एवढंच सांगतो, "आम्ही हायवेवर आहोत." समोरच्याला त्यातून काही कळत नाही. जवळचा किलोमीटरचा दगड किंवा पाटी वाचा, आणि तुम्ही कोणत्या बाजूला जात होता ते सांगा. मुंबईकडे की पुण्याकडे, पनवेलकडे की पेणकडे? चुकीच्या बाजूने निघालेली रुग्णवाहिका पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत येते, आणि तोवर वेळ निघून जातो.

आता दुसरा भाग. आपली गाडी ठीक आहे, पण पुढे अपघात झालाय. थांबायचं की नाही? ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न विचारायची गरज नाही. पण कसं थांबायचं, हे विचारायलाच हवं.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं नदीत गेली. जवळच्या गॅरेजवर काम करणाऱ्या एका तरुणाच्या ते लक्षात आलं आणि त्याने पुढे येणारी वाहनं थांबवायला धाव घेतली, असं त्या दिवसांत आपण वाचलं. गेलेल्यांना तो परत आणू शकत नव्हता. पण मागून येणाऱ्यांना त्याने वाचवलं. अपघाताच्या जागी पहिलं काम तेच आहे: मागून येणाऱ्याला सावध करणं. आपली गाडी अपघाताच्या बरीच पुढे किंवा सुरक्षित कडेला लावा, एकाला मागे त्रिकोण किंवा टॉर्च घेऊन पाठवा, एकाला फोनवर ठेवा. मगच जखमीकडे जा.

जखमीला गाडीतून ओढून काढू नका. आग लागली असेल किंवा गाडी पाण्यात जात असेल तरच काढा, कारण मान आणि पाठीचा कणा दुखावलेला असू शकतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी करून जखमेवर घट्ट दाबा आणि दाबूनच ठेवा. सारखी उचलून पाहू नका. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, तर मान आणि धड एका रेषेत ठेवून अलगद कुशीवर करा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. आणि पाणी पाजू नका. आपल्याकडे प्रत्येक जण बाटली घेऊन धावतो. त्यात माया असते, पण अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत ते पाणी जातं. पुढे शस्त्रक्रिया करायची झाली तरी पोट रिकामं असलेलं बरं. ओठ ओले करा, हात धरा, नाव विचारा, बोलत राहा.

पोलिसांची भीती सोडा. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केलं. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटला होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. जखमीला दवाखान्यात पोहोचवून तो निघून जाऊ शकतो. आणि मे २०२५पासून केंद्र सरकारची योजना आहे. तिच्यात रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत पैसे न भरता उपचार मिळतात. दवाखान्याच्या दारात पैशांवरून अडलात तर हे विचारा.

हे मी शहरातल्या आपल्यासाठी जितकं सांगते, तितकंच वाड्यांसाठी सांगते. महामार्गाला लागून असलेल्या वाड्यांतली माणसं अपघाताच्या जागी पुष्कळदा आपल्याआधी पोहोचतात. अंगावरची चादर झोळीसारखी धरून जखमीला वर आणतात. आणि पोलिसांची गाडी दिसली की निघून जातात, कारण प्रश्न आपल्यालाच विचारले जातील ही भीती त्यांच्या मनात असते. त्यांना कलमाचा आकडा नको आहे. "तुम्ही मदत केलीत, तुम्हाला कोणी अडवू शकत नाही," हे कोणीतरी त्यांच्या अंगणात बसून सांगायला हवं. ते आपण सांगू शकतो.

लूकच्या दहाव्या अध्यायातला तो दाखला आपण बालपणापासून ऐकलाय. यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता म्हणजे एक घाटच आहे, सुमारे हजार मीटर खाली उतरणारा. डिप्लोमाच्या वर्गात आम्हाला याजक आणि लेवी का थांबले नाहीत यावर निबंध लिहायला लावला होता. त्या पावसानंतर मी तो अध्याय पुन्हा वाचला आणि पूर्वी न दिसलेल्या दोन गोष्टी दिसल्या.

एक म्हणजे, शोमरोन्याजवळ तेल आणि द्राक्षारस आधीच होता. जनावर होतं, उतारशाळेत द्यायला पैसे होते. त्याला कळवळा आला तेव्हा त्याचे हात रिकामे नव्हते. आपला कळवळा पुष्कळदा खरा असतो, पण डिकीत टॉर्चसुद्धा नसतो. गाडी तयार ठेवणं हाही शेजारधर्म आहे. आणि त्याने त्या जखमी माणसाला त्या धोक्याच्या वाटेवर ठेवलं नाही, तिथून हलवून आसऱ्याला नेलं.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. तो दाखला ऐकताना आपण स्वतःला नेहमी शोमरोनी समजतो. आपण मदत करणारे, वाडीवरचे लोक मदत घेणारे. पण प्रभूने मदत करणारा म्हणून ज्याला उभं केलं, तो ऐकणाऱ्यांच्या नजरेत हलका मानलेला माणूस होता. त्या संध्याकाळी गाडी आमची होती, औषधाची पेटी आमची होती, शिक्षण माझं होतं. आणि डोळे उघडे होते ते एका कातकरी आजोबांचे. कोण कोणाचा शेजारी झाला, हे मला कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

आता शेवटची विनंती. पावसाळा तोंडावर आहे. कामासाठी दिल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीत एवढं सामान असू द्या: लाल त्रिकोण, सेल तपासलेला टॉर्च, चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, जाड फळी, एक दोर, स्वच्छ सुती कापड आणि पट्ट्या, प्लास्टिकचा मोठा कागद. स्टेपनीत हवा आहे का, ते दर महिन्याला बघा. बसायच्या जागा असतील तितकीच माणसं घ्या, दुसरी फेरी मारावी लागली तरी चालेल. आणि निघण्याआधी दोन मिनिटं सगळ्यांना सांगा, गाडी थांबली तर कोणत्या दाराने उतरायचं आणि कुठे उभं राहायचं. मग प्रार्थना करून निघा.

आणखी एक काम आपण मिळून करू शकतो. वाड्यांवरच्या बाया पहाटे लाकडाच्या मोळ्या, रानभाज्या, करवंदं घेऊन महामार्गाच्या कडेने चालतात. त्यांच्या पाट्यांना आणि मुलांच्या दप्तरांना चमकणारी पट्टी शिवून दिली तर अंधारात त्या लांबून दिसतील. पट्टीचं एक भेंडोळं फार महाग नसतं. महिला मंडळातल्या भगिनींनी सुई-दोरा हाती घेतला तर जून संपायच्या आत निदान तीन वाड्या होतील. ज्यांना हातभार लावायचा आहे त्यांनी सभेनंतर मला भेटा.

ते आजोबा मला अधूनमधून भेटतात. मी एकदा त्यांचे आभार मानायला लागले, तर ते हसले आणि म्हणाले, "पोर बरं आहे ना?" त्यांना तेवढंच विचारायचं होतं.

प्रभू तुमचं जाणं आणि येणं सांभाळो, आणि तुमच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाचंही. आमेन.